केबलचं बिल कमी करायचंय आणि जाहिरातीही नकोत: सोलापुरात कोण काय करतंय?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. घरात दोन टीव्ही आहेत. हॉलमधला बाबांचा, आतल्या खोलीतला आईचा. दोन्हीला केबलचे वेगळे बॉक्स. वाय-फायचं बिल वेगळं. त्यात बहिणीने आणि मी मिळून तीन ॲप घेतलेली. सगळं एकत्र मांडलं तर घरातल्या गॅस आणि विजेच्या बिलाशेजारी बसेल असा आकडा होतो.

पैशाचं एक झालं. माझा खरा राग जाहिरातींवर आहे. आजी संध्याकाळी दिवा लावला की टीव्हीवर यूट्यूबला हरिपाठ लावते. तिसऱ्या-चौथ्या अभंगाला मधेच कुठल्यातरी लोन ॲपचा पोरगा ओरडायला लागतो. आजीला रिमोटवरचं 'स्किप'चं बटण सापडत नाही, ती हात जोडूनच बसून राहते आणि मला हाक मारते. पैसे भरलेल्या ॲपवरही आता जाहिराती यायला लागल्यात.

बाबांना बातम्या आणि क्रिकेट हवं, आईला संध्याकाळच्या मराठी मालिका, आजीला कीर्तन-भजन. केबल पूर्ण काढावी का? ज्यांनी काढली त्यांचा अनुभव काय?

कडकभाकरी
टीव्हीच काढा मालक. संध्याकाळी सगळ्यांनी होम मैदानावर चक्कर मारायची. बिल शून्य, जाहिरात शून्य.

जुळेसोलापूरकर
@कडकभाकरी, बाबांना हे तुम्ही येऊन सांगा बे, मी चहा पाजतो.

हिशेबनीस
केबल काढायच्या आधी बिल नीट वाचा. बहुतेक घरांत पैसे तिथेच गळतात.

२०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने बिलाचे दोन भाग झाले. एक एनसीएफ, म्हणजे सिग्नल घरापर्यंत आणायचं भाडं. दुसरा भाग पैसे देऊन बघायच्या वाहिन्यांचा. एनसीएफ तेव्हा १०० वाहिन्यांना जास्तीत जास्त १३० रुपये होतं, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच पैशांत २०० वाहिन्या झाल्या आणि दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच एनसीएफ लावायचं ठरलं. २०२४ मध्ये ट्रायने ही वरची मर्यादा काढून टाकली, म्हणजे आता ऑपरेटर स्वतःचा दर ठरवतो, पण तो दर जाहीर करावा लागतो. म्हणून दर तोंडी विचारू नका, छापील किंवा ॲपवरचा दाखवा म्हणा.

आता वाहिन्या. ऑपरेटर 'फॅमिली पॅक', 'महाराष्ट्र पॅक' असं काहीतरी लावून मोकळा होतो. त्यात लहान मुलांच्या, इंग्रजी सिनेमांच्या, कुणीच न बघणाऱ्या वाहिन्या असतात. तुम्हाला सुटी वाहिनी घेण्याचा हक्क आहे. आठवडाभर घरात काय काय बघितलं जातं ते कागदावर लिहा आणि तेवढंच मागा. बातम्यांच्या बऱ्याच मराठी वाहिन्या फुकट आहेत, त्यांना एनसीएफपलीकडे एक पैसा लागत नाही. बाबांच्या बातम्यांसाठी पॅक लागतच नाही.

एक सावधगिरी. चार-पाच वाहिन्या एकाच समूहाच्या असतील तर त्या समूहाचा छोटा गुच्छ सुट्यांपेक्षा स्वस्त पडतो. दोन्ही बेरजा करून बघा.

पूर्वभाग
हिशेबनीस म्हणतात ते बरोबर, पण आमच्याकडे हा हिशेब जमत नाही. आमचं घर पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातलं, अशोक चौकाच्या अलीकडे. आईला तेलुगू मालिका पाहिजे. बायको अक्कलकोटची, तिला कन्नड लागतं. मुलं मराठी आणि हिंदी. मी कारखान्यावरून रात्री येतो तेव्हा मला फक्त बातम्या. सुट्या वाहिन्या धरल्या तर चार भाषांची बेरीज पॅकच्या वर जाते, आणि मराठी पॅक घेतला तर तेलुगू येत नाही.

शेवटी आम्ही केबलवर फक्त तेलुगू आणि कन्नड ठेवलं, मराठी मालिका मोबाईलच्या ॲपवर हलवल्या. आईला ॲप चालवता येत नाही, बायकोला येतं. ज्याला रिमोट सोडून दुसरं काही जमत नाही त्याच्या भाषेची केबल, असं धरलं.

उजनीकाठ
हे शेवटचं वाक्य बरोबर आहे. आमच्याकडेही हाच नियम लावतो आता.

शेतातला_अँटेना
कुणीच डीडी फ्री डिशचं नाव काढेना! मी मोहोळ तालुक्यातला, वस्तीवर राहतो. तिथे केबलची तार येतच नाही. फ्री डिश प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, महिन्याचं भाडं शून्य. एकदाच छत्री, बॉक्स आणि बसवणाऱ्याचे पैसे. नव्या पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सेट मिळतो, घासाघीस होते. सह्याद्री येतं, आषाढीला पंढरपूरची महापूजा घरात बसून दिसते. बातम्या येतात, जुने सिनेमे येतात.

उणं एवढंच की खासगी वाहिन्या लिलावाने जागा घेतात, त्यामुळे यावर्षी असलेली वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आईंच्या ठरावीक मालिकेसाठी भरवसा ठेवू नका. मोठ्या पावसात चित्र तुटतं, पण ते सगळ्याच छत्र्यांचं होतं.

चौकार_षटकार
बाबांच्या क्रिकेटसाठी फ्री डिशच ठेवा. २००७ च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. आयपीएल येत नाही, ते लक्षात ठेवा.

हुतात्मा_एक्स्प्रेस
मग आमच्या केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं की सामन्याच्या वेळी दुसराच कार्यक्रम का दिसतो? ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणतो "वरूनच येतंय."

चौकार_षटकार
तो खरं सांगतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेना प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून त्याच घरात छत्रीवर सामना दिसतो आणि तारेवर दिसत नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस
इतकी वर्षं मी त्या पोराशी भांडायलो होतो! आज फोन करून सांगतो.

तारवाला
मी स्वतः केबलचा व्यवसाय करतो, भाग सांगत नाही. धागा वाचला, राग नाही, पण दोन गोष्टी सांगू द्या.

तुम्ही देता ते सगळे पैसे माझ्या खिशात जातात असं लोकांना वाटतं. पैसे देऊन बघायच्या वाहिनीच्या किमतीतला मोठा हिस्सा वाहिनीवाल्यांचा. एनसीएफमध्येसुद्धा आमचा वेगळा करार नसेल तर सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीला ५५ टक्के, मला ४५ टक्के. त्यातून तार, खांब, दुरुस्तीची दोन पोरं आणि वीज. रस्ता खोदला की तार तुटते, ती रात्री जोडायला मीच जातो. ॲप बंद पडलं तर तुम्ही कुणाला फोन करणार?

दुसरं, सुट्या वाहिन्या मागा, मी देतो. पण महिना संपायच्या तीन-चार दिवस आधी सांगा. रिचार्ज झाल्यावर दुसऱ्या दिवशी "बदला" म्हणता, मग तो महिना वाया जातो आणि भांडण माझ्याशी. दुसरा टीव्ही फक्त सणासुदीला लावत असाल तर तो बॉक्स बंद करायला सांगा. बंद ठेवलेल्या बॉक्सचं भाडं भरणारी घरं माझ्याच भागात कितीतरी आहेत, मी स्वतः सांगितलं तरी लोक "राहू द्या" म्हणतात.

कडकभाकरी
तारवाला, एक विचारतो. सिनेमा ऐन रंगात आला की खाली तुमच्या लोकल चॅनेलवर साड्यांच्या दुकानाची पट्टी फिरते. ती काढायचे किती घेता?

तारवाला
ती पट्टी आहे म्हणून लोकल चॅनेल चालतं मालक. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आम्ही थेट दाखवतो, त्याचे पैसे तुम्ही कुठे देता?

सिद्धेश्वरनगरी
हे मात्र खरं. माझे सासरे पायाने अधू आहेत. अक्षता सोहळा त्यांना लोकल चॅनेलवरच दिसतो. मागच्या संक्रांतीला हात जोडून पूर्ण बघितला. त्या पट्टीला माझं काही म्हणणं नाही.

उजनीकाठ
सोहळा आता यूट्यूबवरही थेट असतो ना?

सिद्धेश्वरनगरी
असतो, पण गर्दीच्या वेळी आमचं नेट गोल फिरत बसतं. आणि मधे जाहिरात!

नेटकरी_सात_रस्ता
जाहिरातींकडे वळतो, कारण केबल-केबल करत मूळ राग बाजूला पडला.

आधी कुठे काय होतं ते बघा. प्राइम व्हिडिओवर भारतात १७ जून २०२५ पासून सिनेमा-मालिकांमध्ये जाहिराती आल्या. त्या काढायला वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ जास्तीचे. म्हणजे वार्षिक १४९९ भरूनही जाहिराती, वर आणखी. नेटफ्लिक्सने भारतात जाहिरातींचा प्लॅन आत्तापर्यंत आणलेला नाही. टीव्हीवर चालणारा सगळ्यात स्वस्त १९९ चा, एक वेळी एकच पडदा. १४९ चा फक्त मोबाईल आणि टॅबवर, तो टीव्हीवर लावता येत नाही, बरेच जण घेतात आणि मग चिडतात. जिओहॉटस्टारचा सगळ्यात वरचा प्लॅन घेतला तरी थेट सामन्यात जाहिराती राहतातच.

यूट्यूब प्रीमियम एका माणसाला महिन्याला १४९, घरातल्या सगळ्यांना मिळून २९९. ८९ चा प्रीमियम लाइट आहे.

आता एक युक्ती. टीव्ही एका खात्याने उघडलेला असतो. ते खातं प्रीमियम असलं की त्या टीव्हीवर कुणीही बसलं तरी जाहिरात नाही. जुळेसोलापूरकरांच्या आजीसाठी २९९ ची गरजच नाही. टीव्हीवर एकच खातं ठेवा आणि तेच प्रीमियम करा.

पूर्वभाग
मग ८९ चा लाइट का नको? कमी पैशात होईल.

नेटकरी_सात_रस्ता
इथेच लोक फसतात. लाइटमध्ये संगीतावर आणि शॉर्ट्सवर जाहिराती येतात. हरिपाठ, अभंग, भजन यांची जी ध्वनिमुद्रणं संगीत कंपन्यांनी टाकलेली आहेत ती संगीतात धरली जातात. कीर्तनाचे लांब व्हिडिओ सुटतील, पण आजींच्या नेमक्या अभंगालाच जाहिरात येऊ शकते. लाइट घ्यायचा तर आधी आजी कुठला व्हिडिओ लावतात ते बघा.

वैशालीताई_मंगळवेढा
हरिपाठासाठी महिन्याला १४९ कशाला? पेन ड्राइव्ह घ्या. सीडीवरून किंवा विकत घेऊन उतरवलेला हरिपाठ त्यात भरा, टीव्हीच्या मागच्या यूएसबीत लावा. रिमोटचं एक बटण. माझ्या सासूबाई रोज असंच ऐकतात. नेट गेलं तरी चालतं, आणि मधे कुणी लोन द्यायला येत नाही.

जुळेसोलापूरकर
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आजच करतो.

नेटकरी_सात_रस्ता
ताईंना साष्टांग. आता फुकटचे मार्ग, त्यांच्या मर्यादेसह. एक म्हणजे राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलणं, जाहिराती अडवणारी ॲडगार्डसारखी सेवा टाकायची. टीव्हीच्या होम स्क्रीनवरच्या आणि वेबसाइटवरच्या बऱ्याच जाहिराती जातात. पण यूट्यूबच्या जात नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येतात, एकाला अडवलं तर दुसरंही अडतं. कधीकधी एखादं ॲप उघडत नाही, मग डीएनएस परत मूळचा करावा लागतो.

दुसरं, जुना लॅपटॉप एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडा, त्यात फायरफॉक्स ब्राउझर आणि जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन. हे यूट्यूबच्या अटींत बसत नाही, आणि यूट्यूब अधूनमधून "ब्लॉकर बंद करा" म्हणून व्हिडिओ अडवतं.

गूगल टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये 'फक्त ॲप' दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की पहिल्याच पानावरच्या सिनेमा-मालिकांच्या बऱ्याच शिफारशी जातात. याला पैसे नाहीत, धोका नाही. सगळ्यांनी आजच करा.

चुलीवरची_चव
युब्लॉकबद्दल मला बोलायचंय. मी घरातूनच स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते. शेंगाची चटणी, धपाटे, हुलग्याचं माडगं. एका व्हिडिओला दोन दिवस जातात, तिखट कुटताना आवाज नीट यावा म्हणून पहाटे चित्रण करते. जाहिरातींतून जे येतं त्यातला ५५ टक्के हिस्सा मला मिळतो. तुम्ही ब्लॉकर लावून बघितलं की त्या बघण्याचे मला शून्य.

प्रीमियम घेऊन बघितलं तर तुमच्या वर्गणीतून, तुम्ही माझे व्हिडिओ किती वेळ बघितले त्या प्रमाणात मलाही वाटा येतो. म्हणजे तुम्हाला जाहिरात नाही आणि मलाही पैसे. ज्यांना १४९ परवडत नाहीत त्यांनी जाहिरात बघावी, मी काही म्हणणार नाही. पण परवडत असून ब्लॉकर लावणं मला पटत नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस
ताई, तुमच्यासारख्यांचं पटतं. पण एकाच व्हिडिओला सुरुवातीला दोन, मधे तीन, शेवटी एक, हे कोण सोसणार? टीव्हीला निदान तासाला १२ मिनिटांची मर्यादा नियमात आहे, १० मिनिटं जाहिरात आणि २ मिनिटं वाहिनीची स्वतःची. ॲपला तसं काही दिसत नाही.

चुलीवरची_चव
मधल्या जाहिराती किती आणि कुठे टाकायच्या हे मी बऱ्यापैकी ठरवू शकते. लांब व्हिडिओत मी फोडणीच्या वेळी मधली जाहिरात लावतच नाही, कारण तिथे बघणाऱ्याचा हात कढईवर असतो. ज्यांना पटतं त्यांनी चॅनेलवाल्यांना कमेंटमध्ये सांगा, बरेच जण ऐकतात.

कडकभाकरी
फोडणीच्या वेळी जाहिरात नाही! ताई, चॅनेलला सबस्क्राइब करायलो.

सोलापुरी_टॉवेल
फुकट प्रीमियम देणारी ॲप मिळतात टेलिग्रामवर. लिंक टाकू का?

नेटकरी_सात_रस्ता
टाकू नका. कुणीतरी फेरफार केलेलं ॲप टीव्हीत टाकता, त्याच टीव्हीवर तुमचं गूगल खातं उघडं असतं आणि तोच पासवर्ड बँकेच्या ईमेलला असतो. माझ्या ओळखीच्या एका घरी असं ॲप टाकल्यावर टीव्ही बंद असतानाही नेट खात राहिला. शेवटी सगळं पुसून नव्याने बसवावं लागलं. शिवाय ती चोरीच आहे.

हिशेबनीस
ॲपच्या पैशांबद्दल माझं आणखी एक. तिन्ही ॲप वर्षभर चालू ठेवायची गरज नाही. एका महिन्यात एक घ्या, त्यातलं बघायचं ते बघून संपवा, पुढच्या महिन्यात दुसरं. वार्षिक स्वस्त दिसतं, पण सहा महिने उघडलंच नाही तर ते महागच.

आणि ऑटो-पे. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' (पैसे आपोआप कापायची परवानगी) या नावाखाली यादी असते, ती उघडून बघा. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एसएमएस आला की दुर्लक्ष करू नका. ॲप मोबाईलमधून काढलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं होत नाही, मँडेट रद्द करावा लागतो.

उजनीकाठ
माझ्या भावाच्या एका बंद ॲपचे पैसे असेच महिनोन् महिने जात होते. बहीण यादी बघायला बसली तेव्हा कळलं.

पूर्वभाग
नेटफ्लिक्सचा पासवर्ड मेहुण्याला द्यायची सोयही २०२३ पासून गेली, एका घरापुरतंच चालतं. नाहीतर निम्मं सोलापूर एकाच खात्यावर बघत होतं.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार. रविवारी घरात सगळ्यांना बसवून यादी केली. तारवाल्यांच्या सांगण्यावरून आमच्या केबलवाल्यालाही फोन केला, तो व्यवस्थित बोलला.

ठरलं ते असं. आतल्या खोलीतला केबल बॉक्स या रिचार्जनंतर बंद. आईला लागणाऱ्या मालिका दोन समूहांच्या आहेत, एकीचं ॲप आमच्याकडे आधीच आहे, म्हणून तो टीव्ही वाय-फायवर. दुसऱ्या समूहाची वाहिनी हॉलमधल्या केबलवर सुटी घेतली. बाबांच्या बातम्या फुकटच्या यादीत निघाल्या, मोठा पॅक गेला. प्राइम आणि नेटफ्लिक्स आलटून पालटून, ते बहिणीने मान्य केलं, पण सुरुवात नेटफ्लिक्सने करायची या अटीवर.

आजीसाठी पेन ड्राइव्ह लावला. ताई, मोठ्या अक्षरात फाइलींना क्रमांक दिले, एक ते नऊ, म्हणजे रिमोटवरच्या आकड्यांनी तिला कळतं. यूट्यूब प्रीमियम १४९ चं फक्त हॉलच्या टीव्हीच्या खात्यावर घेतलं, कारण तिथे आजी कीर्तनही बघते आणि मीही चुलीवरची चव बघणार आहे.

फ्री डिशचं मात्र अडलंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि मालक गच्चीत छत्री लावू देत नाहीत. बाबांना येणारी क्रिकेटची मालिका हवी आहे. कुणाला खिडकीच्या कठड्यावर छत्री लावायचा अनुभव आहे का?

शेतातला_अँटेना
दिशा बघा आधी. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. सोलापुरातून तो आग्नेयेला, म्हणजे दक्षिण आणि पूर्वेच्या साधारण मधोमध येतो. तुमच्या गॅलरीचं तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला असेल आणि समोर उंच इमारत नसेल तर कठड्याला क्लॅम्प मारून लहान छत्री बसते. उत्तरेची गॅलरी असेल तर पैसे घालवू नका.

जुळेसोलापूरकर
गॅलरी दक्षिणेची आहे, समोर शाळेचं मैदान. क्लॅम्प कुठे मिळेल?

शेतातला_अँटेना
सेट देणाऱ्याकडेच मागा, वेगळा घ्यायला लागला तर फॅब्रिकेशनवाला करून देतो. जाड पत्र्याचा घ्या, मे महिन्यातल्या वादळी वाऱ्याला पातळ टिकत नाही. आणि बसवणारा येईल तेव्हा टीव्ही चालू ठेवून सिग्नलची पट्टी स्वतः बघा, चित्र आलं म्हणून लगेच पैसे देऊ नका.

तारवाला
कठड्याला भोक पाडायच्या आधी घरमालकाला विचारा मात्र. आणि सामना संपल्यावर हॉलची केबल चालू आहे ना, तेही बघा.